व्हर्लिनचं ‘कायम’वर भागेना

व्हर्लिन स्टकीचा निर्णय उलटवेल असा कॅमेरा अजून जन्माला यायचा होता. हे त्याचंच म्हणणं. आयोवातल्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळात, तो मुख्य पंच. हंगामाचा शेवटचा सामना आला, तरी रिप्लेत त्याचा एकही निर्णय फिरला नव्हता. आज एवढं निभावलं, की थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात मेहुण्याचं तोंड कायमचं बंद! हा मेहुणा ड्वेन, स्टेडियमच्या माथ्यावर काचेआड बसून रिप्ले तपासणारा. उबेत बसून पडदे बघणं हे काय काम झालं, असं व्हर्लिन त्याला दर वर्षी चारचौघांत ऐकवायचा.

शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांच्या एका आडदांड गड्याने चेंडू हिसकावला आणि तो उलट्या दिशेने सुटला. आता त्या टोकाच्या गोलरेषेवर नजर ठेवणं व्हर्लिनचं काम. तो धापा टाकत पोचला, तेवढ्यात गडी कोसळला, त्याच्यावर दहा जण कोसळले आणि त्या धक्क्याने व्हर्लिन बदकन खाली बसला. बसल्या बसल्याच त्याने दोन्ही हात वर केले. टचडाउन! चेंडू रेषेपार, पाहुण्यांना गुण, म्हणजे यजमान हरले. स्टेडियमने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

वरून खेळ थांबवायचा निरोप आला. व्हर्लिनने मैदानाच्या कडेला जाऊन हेडसेट चढवला.

“दाजी, चेंडू दिसतच नाही,” ड्वेन म्हणाला. “जिकडून बघावं तिकडून मध्ये तुमची बैठक. पुरावा नाही, म्हणून निर्णय कायम. सांगा आणि सुटा.”

दुसरा कुणी असता तर सुटला असता. पण कॅमेऱ्याने खरं ठरवलेल्या निर्णयावर ‘शिक्कामोर्तब’ होतं, आणि काहीच कळलं नाही की नुसतं ‘कायम’. व्हर्लिनला ती भीक वाटली.

“मला शिक्कामोर्तब पाहिजे. परत बघ.”

“दाजी, हात जोडतो. आहे ते घ्या.”

“का, फाटली? बघ म्हणतो ना!”

ड्वेनने बघितलं. कॉलेजच्या बँडवाल्यांच्या बाजूचा एक कॅमेरा राहिला होता. त्यात सगळं लख्ख होतं. गड्याचा गुडघा रेषेच्या हातभर अलीकडे टेकलेला, चेंडू त्याच्याही अलीकडे, आणि शेजारी मुख्य पंच, डोळे घट्ट मिटून, हात वर. हे दृश्य मोठ्या पडद्यावर सगळ्या गावाने पाहिलं. निर्णय उलटल्याचं माइकवर त्यालाच सांगावं लागलं. त्याने ते छाती काढून सांगितलं, जणू स्वतःच जिंकला होता.

थँक्सगिव्हिंगला सगळे जमले, तेव्हाही व्हर्लिन नमला नव्हता. टर्कीवर सुरी रोखून तो ड्वेनला म्हणाला, “तू तर सोडून दिलं होतंस. परत बघायला लावलं कुणी? मी! म्हणजे माझी चूक मीच पकडली. कॅमेऱ्याचा काय संबंध?”

ड्वेनच्या आईने, आर्डिसबाईंनी, बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं.

“पटलं, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “आता ती सुरी ड्वेनकडे द्या. कापताना डोळे उघडे असलेले बरे.”