गोदावरीबाईंचा ऑनलाइन खरेपणा

गोदावरीबाईंचे पूर्वज सात पिढ्यांपूर्वी म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोड्यावर बसून आले. घोडे गेले, तलवारी गेल्या, पण मराठी राहिलं, असं त्या भेटेल त्याला सांगत. त्यामुळे प्रिन्सिपॉल कृष्णमूर्तींनी विचारलं, "मॅडम, साताऱ्याच्या मुलींना आपलं हॉस्टेल ऑनलाइन दाखवायचंय. मराठीत कोण बोलेल?" तेव्हा त्यांनी पदरच खोचला.

"सर, मराठी माझ्या रक्तात आहे."

रक्तात होतंच. फक्त सात पिढ्यांत त्यात कन्नडही मिसळलं होतं, आणि कुठला थेंब कुठला हे बाईंना स्वतःलाही कळत नसे.

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या त्या कॉलेजात बाई एकोणीस वर्षं मुलींच्या हॉस्टेलच्या वॉर्डन. यंदा मुली उरल्या अकरा. जूनपर्यंत वीस झाल्या नाहीत तर हॉस्टेल बंद, असं कमिटीनं बजावलेलं. आणि साताऱ्याच्या एका क्लासमधून फूड सायन्ससाठी चौकशी करणाऱ्या मुली होत्या बरोबर नऊ. गोदावरीबाईंनी त्या दिवशी चामुंडीला नारळ कबूल केला.

ऑफिसातली सौम्या मोबाइल धरून पुढे, बाई मागे. तिकडे साताऱ्याला मोठ्या पडद्यासमोर नऊ मुली आणि नऊ आया. जिन्यात पोचताच नेटनं मान टाकली. चित्र अडकलं ते नेमकं कोपऱ्यातल्या झाडूवर. आवाज मात्र ठणठणीत पुढे चालला होता, आणि इकडे कुणाला याचा पत्ताच नव्हता.

"नोडी, बघा, ही खोली," साताऱ्याच्या पडद्यावर झाडू बोलू लागला. "खिडकी उघडली की समोर नुसतं केरे."

केरे म्हणजे कन्नडात तळं. साताऱ्यात केर म्हणजे केर.

"वास येत असेल हो," आयांच्या पुढारी कमलिनीताई म्हणाल्या.

"वास कुठला? गार वारा येतो. मुली संध्याकाळी केरेवर फिरायला जातात."

"केरावर?"

"हौदु, हो हो. पक्षी बघायला."

झाडू शांत होता.

"आणि मागं मोठा तोटा आहे," बाई रंगात आल्या. कन्नडात तोटा म्हणजे बाग. "मी आले तेव्हा एवढासा होता. एकोणीस वर्षं खपून मी वाढवला."

नऊ आयांनी एकमेकींकडे बघितलं.

"भिंतीवर हल्ली नाही," बाईंनी छातीठोकपणे सांगितलं. कन्नडात हल्ली म्हणजे पाल.

"हल्ली नाही," कमलिनीताई शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "म्हणजे पूर्वी काय होतं कोण जाणे."

"तर असं आहे. काही शंका असली तर केळी."

केळी म्हणजे विचारा. साताऱ्यात केळी म्हणजे केळीच. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "आणि शंका नसली तर?"

हे सगळं ऑफिसात बसून फोनवर ऐकत होते केमिस्ट्रीचे उपेंद्र सर. मूळचे पुण्याचे, पण लेडीज हॉस्टेलात पुरुष कसा न्यायचा, म्हणून त्यांना टूरला घेतलं नव्हतं. हसून हसून त्यांचा चष्मा खाली पडला. मग बाई ऑफिसात परतल्यावर त्यांनी एकेक शब्दाचा अर्थ सांगितला, आणि एकेका शब्दाला गोदावरीबाई खुर्चीत इंचभर खाली गेल्या. तेवढ्यात साताऱ्याहून कमलिनीताईंचा फोन आला.

"आम्ही सगळ्या येतोय. बघायलाच."

"भांडायला येतायत," बाई सौम्याला म्हणाल्या.

आठ दिवसांनी फाटकाशी मिनीबस थांबली. कमलिनीताई उतरल्या त्या थेट जिना चढून खिडकीशी. समोर तळं चकाकत होतं, काठावर बगळे.

"केर कुठंय?"

मग मागच्या बाजूला. मोगरा, कढीपत्ता, पपया लगडलेल्या.

"आणि तोटा?"

"छान आहे ना सगळं?" प्रिन्सिपॉल हसून म्हणाले.

कमलिनीताईंचा चेहरा मात्र कडक झाला. "बाई, आम्ही सहा कॉलेजं पडद्यावर बघितली. सगळीकडे सगळं छान. तुम्ही एकट्याच म्हणालात, समोर केर आहे, मागं तोटा आहे आणि तोही मीच वाढवलाय. म्हटलं, एवढं खरं बोलणाऱ्या बाईच्या हाती डोळे मिटून पोर द्यावी. आणि इथं बघते तर सगळं छानच. म्हणजे तुम्हीसुद्धा खोटंच बोललात?"

छान असल्याबद्दल असा ओरडा गोदावरीबाईंनी जन्मात खाल्ला नव्हता. त्यांनी केरे सांगितलं, तोटा सांगितला, हल्ली सांगितली, केळीही सांगितली. मागं मुली तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या.

"म्हणजे खरं असं काहीच नव्हतं?" कमलिनीताई म्हणाल्या.

प्रिन्सिपॉल डोळ्यांनी खुणावत होते. गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"तोटा आहे, ताई. तुमच्या मराठीतला. अकराच मुली आहेत. वीस नाही झाल्या तर जूनमध्ये हॉस्टेल बंद. आणि पाली आहेत. दोन. तेवढं मात्र मी खोटंच बोलले."

प्रिन्सिपॉलांना ठसका लागला. कमलिनीताईंनी बाकीच्या आठजणींकडे बघितलं. कुणी मान हलवली, कुणी नुसताच पदर सारखा केला.

"दोनच?" त्या म्हणाल्या. "आमच्या स्वयंपाकघरात चार आहेत. फॉर्म आणा."

नववा फॉर्म भरून झाला तेव्हा गोदावरीबाईंना चष्मा पुसावा लागला. आता यापुढे आपण तोंडातून शब्द काढायचा तो खराच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

तोच कमलिनीताईंची देवश्री जवळ आली. "काकू, इथं अभ्रे मिळतात, की घरून आणू?"

अभ्रा, म्हणजे उशीची खोळ, हा शब्द त्यांच्या घरी सात पिढ्यांत कुणी उच्चारला नव्हता. पण पोरगी एवढ्या लांबून आलेली, आणि किती आशेनं बघत होती.

"मिळतात की गो," गोदावरीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "रोज सकाळी, गरम गरम. पोटभर खा."