गहिनीनाथ लाइनवर आहेत

कोणतेही यंत्र आले की वेळ वाचतो. कोणाचा, ते यंत्र ज्याच्या टेबलावर आहे त्याला विचारावे.

सन १९७२ च्या फेब्रुवारीत कोल्हारच्या गहिनीनाथांच्या दोन एकर उसाला वेळेवर तोड मिळाली. (हे साखर कारखान्याच्या अहवालात आहे. तसे काही घडलेच नाही असे समजून आपण पुढे जाऊ. ऊसही तसेच समजून रानात उभा होता.)

विहिरीने तळ दाखवला होता. आठवड्यात तोड आली नाही तर उसाचे सरपण होणार, हे गहिनीनाथांना पानांच्या रंगावरून कळत होते. तोडीची चिठ्ठी निघणार शेतकी साहेबांच्या सहीने, आणि साहेबांपर्यंत जाण्याचा सुधारलेला मार्ग म्हणजे ऑफिसात नुकताच बसवलेला टेलिफोन बोर्ड.

बोर्डावर दोन प्रकारचे दिवे होते. पिवळा, म्हणजे कोणीतरी वाट पाहत आहे. लाल, म्हणजे तो वाट पाहत असल्याची दखल घेऊन त्याला होल्डवर ठेवले आहे. (बोलणे झाल्याचा दिवा मंजुरीत बसला नाही.) पहिल्या महिन्यात फोन आले २१४. पैकी बोलणे झाले ९. होल्डवर समाधानाने थांबले १६८. उरलेले ३७ जण लवकर उत्तर मागत असल्याने त्यांना 'राँग नंबर' असे कळवण्यात आले.

गहिनीनाथांनी सकाळी नऊला खताच्या दुकानातून फोन लावला. अकरापर्यंत कान तापला. त्यांनी रिसीव्हर बायकोच्या, भीमाबाईंच्या, हाती दिला. "धरून ऱ्हा. ठेवलास तर आपला नंबर जाईल," असे बजावून ते सायकलवर बसले आणि पाच मैल तुडवत थेट ऑफिसात गेले.

बोर्डावर मनकर्णाबाई होत्या. त्यांनी वर पाहिले, मग लाल दिव्याकडे पाहिले.

"दादा, तुम्ही तर लाइनवर आहात."

"अवो बाई, मी हितं हाय, तुमच्याम्होरं! साहेबांना भेटू द्या."

"नियम आहे. लाल दिवा लागलेला माणूस हजर धरायचा. तुम्ही आधीच हजर आहात. एकाच माणसाची दोनदा हजेरी कशी लावू?"

"मंग तिकडचा मी बंद करा."

"तो नंबरात पहिला आहे. तुम्ही आत्ता आलात."

गहिनीनाथ स्वतःच्या मागे बाकावर बसले. इतका मोठा माणूस आपल्या पुढे आहे, याचे त्यांना क्षणभर बरेही वाटले. बाराला साहेब जेवायला निघाले तेव्हा ते आडवे आले. "साहेब, त्यो लाल दिवा म्हंजी मीच हाय."

"वा! मग लाइन सोडू नका," साहेब म्हणाले आणि गेले.

तीनला साहेबांनी फोन घेतला. दार उघडे होते. भीमाबाईंचा आवाज तारेशिवायही आला असता.

"गहिनीनाथ आहेत का?"

"ते तुमच्याकडंच आल्यात की वो! सकाळधरनं उभी हाय मी, हात मोडला माझा!"

"म्हणजे लाइनवर नाहीत." साहेबांनी फोन ठेवला आणि लिहिले : खातेदार गैरहजर, तोडणीची टोळी पुढच्या शेतात न्यावी, प्रकरण निकाली. (निकाली प्रकरणे अहवालात 'वेळेवर तोड' या रकान्यात जातात, दुसरा रकाना छापलेला नाही.)

"साहेब, म्या हाय!" गहिनीनाथ दारातून ओरडले.

"उद्या फोन करा."

मनकर्णाबाईंना वाईट वाटले. त्यांनी स्वतःच्या कागदावर गहिनीनाथांचा अर्ज लिहून दिला :

'माझा ऊस वाळत आहे. तरी मेहेरबान साहेबांनी ऊन आठ दिवस होल्डवर ठेवावे.

प्रत कार्यवाहीसाठी : समोरच्याला "एकच मिनिट हं" म्हणणारे सर्व इसम (हे वाचण्यासाठी आत्ताच कोणाला तसे म्हणाला असाल तर आपणही). घेतलेले मिनिट मूळ मालकास सात दिवसांत, जसे होते तसे, परत करावे, ही नम्र विनंती.'