बावीस सेकंदांचा पाणबुड्या

आमच्या घाटकोपरच्या चाळीत तात्या राऊळ रोज सकाळी पाण्याच्या पिंपात डोकं घालून उभा राहायचा. नळाच्या रांगेतल्या बायका ओरडायच्या, "अहो, प्यायचं पाणी ते!" तात्याला ऐकू जायचं नाही. कान पाण्यात.

वेळ मोजायला मी. लालबुंद तोंड बाहेर काढून तो विचारायचा, "तीन मिनटा झाली?"

"बावीस सेकंद, तात्या."

"तुझा घड्याळ गिरणीमालकाक फितूर आसा!"

तरुणपणी मालवणात खडकात अडकलेली जाळी सोडवायला तो बुड्या मारायचा म्हणे. त्याचं शास्त्र तो भाजी निवडणाऱ्या बायकांनाही ऐकवायचा. "दम छातीत नाय, पोटात ठेवूचो. आधी कानात शिटी वाजता. मगे पोट उड्यो मारता. घाबरूचा नाय. त्याका सांगूचा, गप बस."

पुढची वीस वर्षं मात्र तो गिरणीत कापसाच्या धुळीत उभा होता. संपानंतर नोकरी गेली, खोकला राहिला. सगळ्या चाळीला जागं करणारा.

मी तेव्हा गिरणीच्या धुळीवर पत्रक लिहीत होतो. म्हटलं, "तात्या, मालकाने तुमची फुफ्फुसं खाल्ली. तुमचं नाव घालू?"

"माझ्या छातीत समुद्राचो वारो आसा. कापूस गादयेत असता."

मी भडकलो. मालकांना माणसं विकत घ्यावी लागत नाहीत, तुमच्यासारखी फुकट मिळतात, असं तोंडावर सुनावलं.

"झाला भाषण? घड्याळ लाव मेल्या," म्हणून तात्या पुन्हा पिंपात.

मग एका रविवारी त्याच्या मुलीला, सुनंदाला पाहायला मुलुंडहून मंडळी आली. शिकलेला शेजारी म्हणून मलाही बसवलं. आधीची दोन स्थळं बापाचा खोकला ऐकून, क्षयाचं घर म्हणत उठून गेली होती. तात्याने हात जोडले, खुर्चीत बसला आणि ओठ मिटले. मुलाचा काका पगार, बढती, ओनरशिपचा ब्लॉक सांगत सुटला. तात्याच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या. सदऱ्याखाली पोट गचके देऊ लागलं. मध्येच नाकाने चोरून थोडी हवा घ्यायचा, की पुन्हा बंद. पिंपातली ती तालीम कशाची होती, ते मला तेव्हा कळलं.

"मुलीचे वडील काही बोलत नाहीत?" काकाने विचारलं.

तात्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

बुवाबाजीविरुद्ध दोन पत्रकं काढलेला मी. म्हणालो, "रविवारी मौन असतं त्यांचं. गावच्या वेतोबाचं."

काकाने बसल्या जागी नमस्कार केला. मुलगी पसंत पडली.

तात्या त्यांना पोचवायला खाली उतरला. रिक्षा वळेपर्यंत हात जोडून उभा. मग गटाराच्या कडेला बसला आणि खोकत सुटला. मी पाठीवर हात ठेवला, तर एकेक बरगडी हाताला लागली.

वर गॅलरीत सुनंदा उभी होती. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, आत गेली आणि खोकला बुडेल एवढा रेडिओ मोठा केला.