कोऱ्या बोर्डाचं हॉटेल आणि खरात सर

खरात सर रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्या चहाच्या हॉटेलसमोर येऊन घरचा चहा पीत. हॉटेलात नव्हे, समोर. रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली सायकल लावायची, पिशवीतून थर्मास काढायचा, त्याच्याच झाकणात चहा ओतायचा आणि आमच्या बोर्डाकडं बघत सावकाश प्यायचा. मध्येच ट्रक गेला की धुरळा बसेपर्यंत झाकणावर हात धरायचा. चहा संपला की आमच्याकडं बघून नमस्कार करायचा आणि निघायचं. असं आठ महिने. एक दिवसाचा खाडा न्हाई.

गिऱ्हाईकं विचारायची, "ह्या माणसाचं तुमच्यासंगं भांडण हाय का?"

आमचे हे म्हणायचे, "भांडण न्हाई. व्रत हाय."

मी आतून म्हणायचे, "डोकं फिरलंय." तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि कोणाचं डोकं फिरलंय हे मला लांबून ओळखू यायचं. स्वतःचं सोडून.

सरांचं भांडण होतं आमच्या बोर्डाशी. आणि बोर्डावरचं नाव मी सुचवलेलं होतं.

अंबडहून वडीगोद्रीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. ह्यांनी शेताच्या कडेला हॉटेल टाकायचं ठरवलं आणि त्याला आपल्या आईचं नाव द्यायचं म्हणाले. घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी एकटीच, तेही पहिल्या वर्षापुरतं. पण त्या एका वर्षात वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं होतं. बक्षीस म्हणजे पुस्तक. जर्मनीच्या त्या आखूड मिशीच्या हुकूमशहाचं आत्मचरित्र. सर त्याचं नाव कधी तोंडातून काढत नसत, 'तो मिशीवाला' म्हणत, म्हणून मीही इथं काढत नाही. कोण ते तुम्हाला कळलंच असेल. त्या पुस्तकाची मी अठरा पानं वाचली. पुढं झोप यायची. पण अठरा पानांत माझं पोट इतकं भरलं, की मी ह्यांना म्हणाले, "आईच्या नावाला कोण थांबणार? नाव असं पाहिजे की ट्रकवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला पाहिजे."

झालं. मिशीवाल्याच्या नावाचं टी हाउस. खाली लाल अक्षरांत 'एकच हुकूम : कडक चहा!' कोपऱ्यात त्याचं चित्र. पेंटरनं ते पुस्तकाच्या कव्हरवरून काढलं, पण का कोण जाणे, ते आमच्या तलाठ्यासारखं दिसायला लागलं. तलाठी इतका खूश, की आठवडाभर तिथंच चहाला. मी पदर डोळ्यावर ओढून रोज शेतातून बोर्ड बघायला जायचे. एखादीनं आपलं पहिलं बाळ बघावं तसं.

बोर्ड लागला त्या दिवशी सर आत आले होते. हायस्कूलला इतिहास शिकवायचे. माणूस एवढासा, सायकलवर बसले की पायाची बोटंच तेवढी जमिनीला लागायची. पँटीला दोन्ही पायांत क्लिपा, पायी चालतानासुद्धा. लग्न केलेलं नव्हतं. स्टँडमागच्या खोलीत आई होती तोवर दोघं, नंतर एकटेच. ह्यांना म्हणाले, "भगवानराव, हा कोण?"

"लई कडक माणूस होता म्हणे, सर."

"बराबर. मंग पुढं?"

ह्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. "पुढचं आमच्या घरात विचारा."

'बराबर. मंग पुढं?' हे सरांचं हत्यार होतं. ते कोणाचं म्हणणं कधी खोडत नसत. एकदा दूधवाला त्यांना म्हणाला, "सर, देशाला एकदा तसा कडक माणूस पाहिजे."

"बराबर. मंग पुढं?"

"पुढं काय, सगळे सरळ व्हतील."

"बराबर. मंग पुढं?"

"मंग... जो ऐकणार न्हाई त्याला आत टाकतील."

"बराबर. मंग पुढं?"

दूधवाला म्हणाला, "सर, तुम्हाला दूध घ्यायचंय का न्हाई?"

दुसरं वेड नावांचं. नव्या पोराला विचारायचे, आजीचं नाव काय? माहीत नसलं तर घरी पाठवायचे, विचारून ये म्हणायचे. माझी नणंद शांता अशीच परत आली. आजी मरून वीस वर्षं झालेली. सगळे तिला 'म्हातारी' म्हणायचे. अख्ख्या घराला तिचं नाव आठवेना. शेवटी वडीगोद्रीच्या एका आत्याला निरोप धाडला तेव्हा कळलं, सोनाई. मी म्हणाले, "हा काय इतिहास म्हणायचा? लढाया शिकवा की!"

बोर्ड लागून सहा महिने झाले आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर शांता हसत घरी आली. नववीत होती.

"वहिनी, आज सरांनी हजेरीत आमच्या गल्लीतल्या पोरांची नावंच घेतली न्हाईत! विसरले!"

दुसऱ्या दिवशीही घेतली नाहीत. वर आमच्या गल्लीची सातही पोरं मागच्या बाकावर बसवली. शांता ह्या वेळी हसली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हात वर केला तर सरांची नजर तिच्यावरून भिंतीवर फिरावी तशी फिरली. पोरगी मधल्या सुट्टीतच घरी आली, दप्तर फेकलं, रडली, जेवली नाही.

आमची गल्ली म्हणजे गावातली मोठी गल्ली. जमिनी आमच्या, सरपंच आमचा. आमची नावं कोणी गाळत नसतं. दुसऱ्यांची गाळायची सवय होती ती आम्हाला.

मी पदर खोचला आणि शाळा गाठली. मधली सुट्टी अजून संपली नव्हती. सर वर्गात एकटेच फळा पुसत होते.

"सर, आमच्या पोरीचं नाव का घेत न्हाई तुम्ही?"

"वहिनी, बसा. कितव्या दिवशी रडली?"

"आज. तिसऱ्या."

"पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी हसली."

"आन बाकीचे? वर्गात बावन्न पोरं हायेत. सात तुमच्या गल्लीची. पंचेचाळीस राह्यली. त्यांच्यातल्या एकानं तरी उठून इचारलं का, की सर, ह्यांची नावं राहून गेली? तीन दिवस झाले, वहिनी. मी वाट बघून राह्यलो."

मी म्हणाले, "त्यांचं नाव घेतलं ना तुम्ही. ते कशाला इचारतील?"

"तेच," सर म्हणाले. हातातलं फडकं त्यांनी टेबलावर ठेवलं. "त्या मिशीवाल्यानं तिकडच्या ज्यू लोकांचं असंच केलं. आधी त्यांची चेष्टा. मंग दुकानांवर पाट्या, की हितून घेऊ नका. मंग शाळेच्या हजेरीतून नावं गेली. बाकीच्यांची हजेरी लागत होती, म्हणून कोणी उठलं न्हाई. मंग ती नावं दुसऱ्या याद्यांत लागली. साठ लाख माणसं मारली, वहिनी. लेकरं, म्हाताऱ्या, कोणी सोडलं न्हाई. गुन्हा काय, तर ज्यू. आन तुमच्या बोर्डावरून तो चहा पाजून राह्यला."

ज्यू हा शब्द मला परीक्षेपुरता माहीत. अठरा पानांत हे कुठं आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि मी तेव्हा पेंगत असेन. पण हरायची सवय नव्हती. म्हणाले, "पण सर, ते लोक आपल्याकडं कुठं हायेत? बोर्ड बघून वाईट कोणाला वाटणार?"

"मला," सर म्हणाले.

मग सांगितलं. चौथीत जालन्याला त्यांना शिकवायला मिरियमबाई होत्या. अलिबागकडच्या. ज्यू. नवरा रेल्वेत. "बोलणं आपलंच मराठी, नुसते हेल कोकणातले. शनिवार त्यांचा पाळायचा दिवस, चूल पेटवायच्या न्हाईत. शुक्रवारीच करून ठेवायच्या आन माझी वाटणी झाकून ठेवायच्या. माझी आई खडी फोडायला जायची. तिकडं शाळेत मला कोणी जवळ बसवत नव्हतं, आन हितं मी बाईंच्या ताटाशेजारी ताट घेऊन जेवत व्हतो."

बाई पुढं मुलांबरोबर इस्राएलला गेल्या. तिकडून मराठीत पत्रं टाकायच्या. एका पत्रात लिहिलं होतं, की त्यांच्या शेजारी युरोपातून आलेली एक म्हातारी राहते. ती रोज दुपारी गॅलरीत बसून लहानपणच्या वर्गाची हजेरी घेते. एकेक नाव मोठ्यानं घेते. थांबते. मग पुढचं नाव घेते. वर्गातली ती एकटीच वाचलेली.

हे ऐकून मी काय बोलावं? म्हणाले, "पण सर, बोर्ड ऑइलपेंटचा हाय."

आजही हे आठवलं की मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या दिवशी सरांनी वर्गाला सगळं समजावलं आणि सातही पोरांची माफी मागितली. पण तोवर गल्ली पेटली होती. मास्तर आमच्या पोरांना वेगळं बसवतो म्हणजे काय? सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सरांच्या बदलीचा ठराव ठेवला. ठराव मंजूर झाला असता तर सर गेले असते, आणि आमचा बोर्ड आणखी दिमाखात राहिला असता. सरपंच आबा माझे चुलत सासरे.

आबा म्हणाले, "मास्तर, माफी मागा, इषय मिटवून टाकू."

सर उभे राहिले. "पोरांची मागितली, आबा. त्यांना रडवलं त्याची. शिकवलं त्याची न्हाई मागणार."

कोणीतरी ओरडलं, "मंग जा बदलीवर तीर्थपुरीला!" हशा झाला. सर खाली बघत उभे. पाठीमागं बायांच्या घोळक्यात मी. मला काय झालं कळलं नाही, मी उठले. ग्रामसभेत आमच्या घरची बाई कधी बोललेली नव्हती. मला बोलायची एकच तऱ्हा माहीत होती. माझ्या तोंडून निघालं, "आदरणीय व्यासपीठ, परीक्षक महोदय आणि माझ्या बालमित्रांनो..."

गाव हसून लोळलं. मी पदराला धरून उभी.

"हसा," मी म्हणाले. "बोर्डाचं नाव मी ठेवलंय. अठरा पानं वाचून ठेवलंय. सरांनी शांताला जे शिकवलं ते मला शिकवायला पाहिजे होतं. बदली करायची तर बोर्डाची करा."

आबा ह्यांच्याकडं वळले. "भगवान, तुझी बायको बोलून राह्यली."

"बोलू द्या आबा," हे म्हणाले. "घरी रोजच बोलती."

त्या हशात ठराव वाहून गेला. घरच्याच सुनेनं भर सभेत कबुली दिल्यावर उलट आबांनीच दुसरा लिहून घेतला, की सरांनी दर वर्षी ह्या दिवशी अख्ख्या गावाला तो धडा शिकवायचा. सरांनी तो निवृत्त होईपर्यंत शिकवला, आणि नंतर आष्टी, तीर्थपुरी, जिथं बोलावतील तिथं सायकलवर जाऊन. न बोलावता तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच शिडीवर चढले. रॉकेल आणि पॉलिशपेपर. आधी मिशी गेली. मग तर तो हुबेहूब तलाठीच राहिला, आणि त्याला पुसताना माझा हात क्षणभर अडखळला. वरून पांढरा रंग मारला. नवं नाव काय द्यायचं ह्यावर घरात एकमत होईना. सासूबाई म्हणाल्या, माझं नाव रस्त्यावर लावायचं न्हाई. मला सुचवायची बंदी होती. म्हणून बोर्ड कोराच राहिला. अजूनही ट्रकवाले म्हणतात, कोऱ्या बोर्डापाशी थांबू. ब्रेक बराबर लागतो.

आता मी जालन्यात लेकाकडं असते. गेल्या महिन्यात नातीला शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. पुस्तक तेच. कव्हर नवं, मिशी जुनी. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शाळेत गेले. मुख्याध्यापक बाईंना म्हणाले, "मी आजी आहे. भांडायला आलेय, पण आधी पाणी द्या." बाई चांगल्या निघाल्या. पुस्तक बदललं आणि वर मलाच नववीचा वर्ग घ्यायला लावला. मी सरांचीच हजेरी घेतली, एक आख्खी ओळ गाळून. पंधरावं नाव झालं नसेल तोच दोन पोरी उभ्या राहिल्या. "आजी, तुम्ही ह्यांची नावं सोडताय." सर हे ऐकायला राहिले नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली. बोर्ड पुसला त्याच संध्याकाळी सर आले. ह्या वेळी रस्ता ओलांडून अलीकडं आले आणि बाकड्यावर बसले. चहा मीच करून आणला. त्यांनी कप संपवला. मी म्हणाले, "सर, आता मिरियमबाईंना पत्र टाका. सगळं कळवा. माझी फजिती बी कळवा."

सरांनी कप बशीत ठेवला.

"बाई जाऊन दोन वर्षं झाली, वहिनी. त्यांच्या लेकानं कळवलं व्हतं." मग थोडं हसले. "पण दुपारी मी कागद घेऊन बसलो व्हतो. तारीख टाकली. 'ती. बाईंस' लिहिलं. मंग ध्यानात आलं. एवढी मोठी गोष्ट झाली, आन सांगायला कोणी न्हाई."

मी समोरच्या बाकड्यावर बसले. गिऱ्हाईकं बघत होती. आमच्या गल्लीची सून भर हॉटेलात मास्तरांसमोर बसलेली.

"मला सांगा," मी म्हणाले.

"तुम्ही तर व्हता की तिथं."

"तरी सांगा."

सरांनी चष्मा पुसला. घसा साफ केला. "आमच्या गावात एक हॉटेल हाय," त्यांनी सुरुवात केली, "तिथं एक सून हाय, लई शिकलेली..."

ते सांगत गेले. हे स्वतः उठून गिऱ्हाइकांना चहा देऊ लागले. मी हूं हूं करत होते. सरांच्या गोष्टीतल्या सुनेला सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती शाळेत भांडायला गेली नव्हती, विचारायला गेली होती. ऑइलपेंटचं ती काही बोलली नव्हती, आणि ग्रामसभेत तिचा आवाज जरासुद्धा थरथरला नव्हता. ती माझ्यापेक्षा पुष्कळ शहाणी होती. एक-दोन ठिकाणी मी तोंड उघडलं, आणि मिटलं. मी दुरुस्ती केली नाही.