दगडांची डॉक्टर

शनिवारी सकाळी अग्निशमन दलाचा हॉल खचाखच भरून दाखवतो, असं ऑरव्हिल मॅकअस्किलने पक्षाच्या लोकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. ग्रँट्स कोव्हमध्ये प्रचारसभेला आजवर बाराच्या वर माणसं जमली नव्हती, आणि त्यातली चार डोनटसाठी यायची. पण ऑरव्हिलने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. माणसं गोळा करणं आपल्याला जमतं, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने गावभर फलक ठोकले : 'डॉ. लॉर्ना स्केरी आपल्या गावात. शनिवार, सकाळी दहा.' पक्षाचं नाव खाली होतं, पण ते वाचायला खाली वाकावं लागे.

शनिवारी सात वाजताच हॉलबाहेर रांग लागली. लोकांनी घडीच्या खुर्च्या, थर्मास, गोधड्या आणल्या होत्या. ऑरव्हिलला भरून आलं.

"नवीन माणसं घेताय ना?" रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या थेरेसाने विचारलं.

ती पक्षाच्या सभासदत्वाबद्दल बोलतेय, असं त्याला वाटलं. "सगळ्यांना घेतो."

"मग आमच्या ह्यांना उठवून आणते."

दहाला पक्षाच्या उमेदवार लॉर्नाबाई आल्या. ऐंशी माणसं बघून त्यांचा चेहरा असा खुलला, जणू मंत्रिपदच मिळालं. स्केटिंगच्या मैदानाच्या छपरापासून त्यांनी सुरुवात केली. करकपातीवर पोचेपर्यंत पुढच्या रांगेतल्या हेक्टरने मोजा काढून पाय टेबलावर ठेवला होता.

"छपराचं मागाहून बघू, बाई. आधी हा अंगठा बघा."

"काय झालंय त्याला?"

"ते तुम्ही सांगायचं. गावातला डॉक्टर गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून थांबलोय."

आता ऑरव्हिलच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, मी तसली डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "मी भूगर्भशास्त्राची. म्हणजे दगडांची डॉक्टर."

मग थेरेसाचा नवरा कंबर धरून उभा राहिला. "म्हणजे मी बरोबर आलोय. मला मुतखडा आहे."

बाईंनी ऑरव्हिलला जवळ ओढलं. "आपल्या पत्रकात दवाखान्याबद्दल काय आहे?"

"काही नाही. समोरच्या पक्षाच्याही नाही. मुख्य कचेरी म्हणते, लोकांना त्यात रस नसतो."

दोघांनी दाराबाहेर गेलेल्या रांगेकडे पाहिलं. बाई खाली बसल्या, भाषणाचे कागद उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहून घेऊ लागल्या.

पुढचे तीन आठवडे त्यांनी प्रचार सोडून फोन केले. आज हा दवाखाना, उद्या तो. कोणी फोन उचलेपर्यंत त्या हटत नसत. हेक्टरच्या अंगठ्याला डॉक्टरची तारीख मिळाली. थेरेसाच्या नवऱ्याचा खडा निघाला. लोक त्यांना रस्त्यात थांबवून हात हातात घेत. निकाल तर ठरलेलाच आहे, असं ऑरव्हिल सगळ्यांना सांगत होता.

बाई निवडणुकीत सपाटून पडल्या. खुद्द ग्रँट्स कोव्हमध्ये फक्त अकरा मतं.

"असं कसं झालं, थेरेसा?" ऑरव्हिलने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"निवडून आल्या असत्या तर हॅलिफॅक्सला विधानसभेत जाऊन बसल्या असत्या. मग आमच्यासाठी फोन कोण करणार?" थेरेसा म्हणाली. "पण तू तरी त्यांनाच दिलंस ना मत?"

ऑरव्हिलने कपातल्या चहात चमचा फिरवला.

"बुधवारी त्या माझ्या गुडघ्यासाठी फोन करणार आहेत," तो म्हणाला.