कल्लाप्पा अण्णांचं हलकं विमान

परवा कल्लाप्पा अण्णांनी माझ्या नाकावरचा चष्मा उचलला आणि थेट काट्यावर ठेवला.

"एकतीस ग्रॅम! मास्तर, एवढं वझं नाकावर घिऊन फिरतासा?"

चष्म्याविना मला काट्यावरचा आकडाच काय, अण्णासुद्धा नीट दिसत नव्हते. पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या काट्यावर न चढलेली वस्तू विरळाच. लिंबू झालं, लग्नपत्रिका झाली, आमच्या हिनं दिलेली शंकरपाळीसुद्धा. एकीत आणि दुसरीत म्हणे सव्वा ग्रॅमचा फरक निघाला. निघू दे की! पण हे त्यांनी जिन्यात उभं राहून हिला सांगितलं. तेव्हापासून वरच्या मजल्यावर शंकरपाळी जात नाही.

अण्णा मूळचे हुपरीचे. चाळीस वर्षं घरातच पैंजण घडवले. अण्णांनी घडवायचे आणि त्यांच्या मंडळींनी, म्हणजे गंगाक्कांनी, उजेडाला धरून तपासायचे, अशी वाटणी होती. अक्कांचा शेरा ठरलेला असे, "कडी वाकडी हाय." अण्णा भडकायचे, "कुठं वाकडी हाय? दाखव!" अक्का नुसतं बोट ठेवायच्या. कडी वाकडीच असायची.

दोन वर्षांमागं अक्कांच्या अंगावरनं वारं गेलं. दवाखाना जवळ पडावा म्हणून दोघं कोल्हापुरात आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये आली. हत्यारं पुतण्याला दिली, चांदी तोलायचा काटा तेवढा अण्णांनी पिशवीत घालून आणला. अक्का आता दिवसभर मागच्या खिडकीशी खुर्चीत बसतात. बोलतात थोडं, आणि सगळ्याला एकच बोलतात, "बरं हाय." एकदा अण्णा चहात साखर घालायला विसरले. मी तोंड वाकडं केलं. अक्का म्हणाल्या, "बरं हाय."

तर गेल्या दिवाळीत अण्णांनी फोमचं विमान बनवायला घेतलं. रिमोटवर उडणारं, हातभर लांबीचं. बाकीचे लोक विमान बनवतात आणि उडवतात. अण्णा बनवून झाल्यावर ते कमी करायला बसले.

"वजन लपून बसतंय मास्तर, हुडकाय पायजे." हे त्यांचं पालुपद.

आधी चाकं गेली. मग सुरेख निळा रंग दिला होता तो खरवडला, का, तर "रंगाला बी वजन असतंय." मी जिथं बोटभर गोंद फासला असता, तिथं ते उदबत्तीच्या काडीनं टिपका ठेवत. पंख आतून पोखरले. मी हौसेनं एक इवलासा प्लॅस्टिकचा वैमानिक आणून दिला होता, तो दुसऱ्या दिवशी परत आला.

"पावण्याला उतरवलं. चार ग्रॅम हुता."

आणि पोखरलेला फोम टाकून द्यायचा नाही! हुपरीची सवय. तिथं कामाच्या जागेवरची धूळसुद्धा झाडून ठेवतात, तिच्यात चांदी असते. अण्णा फोमचा भुसा वर्तमानपत्रावर गोळा करून तोलत. एका संध्याकाळी विमान अकरा ग्रॅमनं उतरलं आणि भुसा साडेदहाच भरला. अण्णा अस्वस्थ. कपाट सरकवलं, चटई झटकली. शेवटी त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. "हलू नकासा." तो अर्धा ग्रॅम माझ्या लोकरीच्या स्वेटरला चिकटला होता. पंधरा मिनिटं मला कागदावर उभं करून ब्रशनं झाडलं. झडतीच म्हणायची ती!

एका रविवारी सकाळी आम्ही विमान मैदानावर नेलं. काय उडालं म्हणता! फिरायला आलेली माणसं थांबून टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. अण्णांनी ते गवतावर उतरवलं आणि तोंड पाडून म्हणाले, "लई जोरात जातंय."

माझं डोकं सटकलं. "अहो, विमान आहे ते! जोरात नाही तर काय बैलगाडीसारखं जाणार?"

"बैलगाडीगतच जायला पायजे."

घरी येताना त्यांनी सांगितलं. मान माझ्याकडं न वळवता सांगितलं. "हिची नजर हळू झालिया मास्तर. पाखरू गेलं तर दिसत न्हाई. मान वळंस्तवर गेलेलं असतंय. मागल्या आठवड्यात खिडकीम्होरनं इमान नेलं, भुर्रकन गेलं. इचारलं, कसं हाय? म्हणली, बरं हाय." थोडं चालून पुढं म्हणाले, "तिला दिसलंच न्हाई. जड इमान हळू केलं की पडतंय. हलकं असलं तरच सावकाश जातंय."

मला माझ्या टाळ्यांची लाज वाटली.

त्या दिवसापासून मीही वजन हुडकायला लागलो. पेपर तपासायचे सोडून. बॅटरीची वायर उगाच वीतभर लांब आहे, हे मीच शोधून काढलं. अण्णांनी ती कापली, तोलली आणि माझ्या पाठीवर थाप मारली, "मास्तर, तुमी हुपरीत जन्मायला पायजे हुतासा!" नोकरीत मला इतकं मोठं बक्षीस कुणी दिलेलं नाही.

मग एक बिनवाऱ्याची सकाळ गाठली. मी वर अक्कांच्या खुर्चीशेजारी उभा. अण्णा खाली मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, एका हातात रिमोट, दुसऱ्यात विमान. फेकलं. ते वर आलं आणि खिडकीसमोरून निघालं, अगदी सावकाश, आता पडतंय की काय अशा चालीनं. अक्कांची मान वळायला लागली. विमान पुढं आणि नजर त्याच्याबरोबर, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.

विमान गेल्यावर अक्कांनी कपाळाला आठी घातली.

"शेपूट वाकडं हाय."

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "अण्णा! अक्का म्हणतात, शेपूट वाकडं आहे!"

"काय म्हणली?"

"शेपूट! वाकडं!"

अण्णांच्या हातातला रिमोट गळाला. विमानाकडं त्यांनी बघितलंही नाही. ते आपलं आपणच गवतावर जाऊन अलगद बसलं. अण्णा ते उचलून दोन-दोन पायऱ्या चढत वर आले, धापा टाकत दारात उभे राहिले आणि ओरडले, "कुठं वाकडं हाय? दाखव!"

अक्कांनी बरा असलेला हात उचलला आणि शेपटावर बोट ठेवलं. मी चष्मा पुसून बघितलं. केसाएवढा फरक होता.

अण्णा अक्कांच्या खुर्चीपाशी खालीच बसले, बाहीनं डोळे पुसले.

"व्हय की गं," ते म्हणाले, "वाकडंच हाय."