भालेकरांची गाळणी

भालेकरांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, या घरात कुणीतरी गेलंय. टेबलावर चादर, कपाटावर चादर, खिडकीतल्या कसल्याशा वस्तूवर उशीचा अभ्रा आणि मधोमध खुर्चीत पंचा पांघरून काहीतरी बसवलेलं. चपला काढाव्यात की परत फिरावं, अशा विचारात मी दारात उभा. तेवढ्यात भालेकर लगबगीनं त्या पंचाच्या आणि माझ्या मधे येऊन उभे राहिले.

"काही पाहिलंत का?"

"नाही बुवा."

"मग या. बसा."

पंचाखाली काय होतं ते मला चार महिन्यांनी कळलं. साबण ठेवायची डबी होती. डबी!

साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची दोन मजली इमारत होती. भालेकर तळमजल्यावर, मी त्यांच्या डोक्यावर. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर कपाटाच्या बिजागऱ्यांची चित्रं काढायची आणि घरी येऊन स्वतःच्या वस्तूंची. मी फोर्टात एका सॉलिसिटरकडे टायपिस्ट होतो. एवढ्यावरून भालेकरांनी मला वकील करून टाकलं. काळ्या कोटाशी माझा संबंध साहेबांचा कोट खुंटीला लावण्यापुरताच होता, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. "असू द्या हो वकील, कायद्याच्या हवेत तर बसता ना," असं म्हणून ते पुढचा प्रश्न विचारायचे.

हे कायद्याचं वेड त्यांना जन्मतः नव्हतं. पूर्वी एकदा त्यांनी शिंपल्याच्या आकाराची अशीच एक साबणाची डबी केली आणि मोठ्या हौसेनं घाटकोपरच्या एका दुकानदाराला दाखवायला नेली. त्यानं चहा पाजला, डबी दोन दिवस ठेवून घेतली आणि "चालणार नाही" म्हणून परत दिली. तीन महिन्यांत ती डबी घाटकोपरभर टांगलेली! भालेकर तावातावानं भांडायला गेले. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "भालेकरसाब, रजिस्टर किया था क्या?"

हे वाक्य त्यांच्या काळजात रुतलं. रद्दीवाल्याकडून त्यांनी पेटंट आणि डिझाईनच्या कायद्याचं जुनं पुस्तक आणलं आणि आंघोळीनंतर रोज त्याचं पारायण सुरू केलं. त्यातून त्यांना जे सार सापडलं ते असं: वस्तू काय करते तो तिचा गुण. तिचं पेटंट वेगळं. ती कशी दिसते ते तिचं रूप, म्हणजे डिझाईन. रूप रजिस्टर करता येतं, पण ते नवं पाहिजे. अर्ज कलकत्त्याच्या कचेरीत पोचायच्या आत ते चारचौघांनी पाहिलं, तर ते पूर्वप्रसिद्ध. मग कोणीही उचलावं.

झालं! त्या दिवसापासून घरावर चादरी चढल्या आणि आमच्या मागे 'पूर्वप्रसिद्ध' लागलं. कुणी विनोद सांगितला की सगळे हसून होईपर्यंत भालेकर थांबायचे आणि म्हणायचे, "पूर्वप्रसिद्ध." माझा थोरला जन्मला तेव्हा बारशाला आले, पाळण्यात वाकून बराच वेळ पाहिलं. "नाक आजोबांचं, कपाळ तुमचं. पूर्वप्रसिद्ध आहे सगळं." मग माझ्या बायकोचा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाले, "हनुवटी मात्र नवी आहे हं!" बायको पुढे महिनाभर त्यांना चहा विचारत नव्हती.

या सगळ्यात हाल व्हायचे ते भालेकरवहिनींचे. बाई मोठी हौशी. घरात चार माणसं यावीत, बसावीत, असं त्यांना फार वाटायचं. मूलबाळ नव्हतं. पण कुणी आलं की नवरा आधी चादरी ओढणार आणि पाहुण्याकडे चोर आल्यासारखं पाहणार. कोण येतंय मग? इमारतीतल्या बायका त्यांच्या घराला मागून 'बुरखा' म्हणायच्या. वहिनींना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या हातात किती कला आहे ते कुणाला कळायचंच नाही का हो? मी एकटीनं किती बघायचं?"

मग गाळणी आली. चहाची, प्लॅस्टिकची. तुम्ही हसाल, मीही हसलो. पण भालेकरांनी पंचा उचलला आणि मी खुर्ची पुढे ओढली. दांडा हंसाच्या मानेसारखा वळलेला, आणि समोरच्या बाजूला कपाच्या काठावर टेकायला पिंपळाच्या पानासारखं टोक. इतकी साधी वस्तू इतकी देखणी असू शकते हे मला माहीत नव्हतं. ती दाखवण्याआधी त्यांनी माझ्याकडून कुणाला सांगणार नाही असं लिहून घेतलं. "विश्वासानं दाखवलेलं चालतं. कायद्यात सूट आहे," म्हणाले. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका ओळखीच्या मोल्डरला गणपतीची शपथ घालून त्यांनी साठ नग पाडून घेतले होते. ते एका ट्रंकेत होते. दोन वर्षांची मेहनत. "वकील, एकदा तरी सरकारी रजिस्टरात लिहिलेलं पाहिजे, की हे रूप भालेकराचं. बास, मग मी मेलो तरी चालेल."

मी अर्ज टाइप केला. चारी बाजूंची चित्रं त्यांनी स्वतः काढली. शुक्रवारी संध्याकाळी कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. सोमवारी सही करून रजिस्टर पोस्टानं कलकत्त्याला जायचे होते. निघताना मी वहिनींना खुशीत म्हणालो, "सुटलात वहिनी! कागद झाले. आता चादरी धुवायला टाका."

हे वाक्य मी बोललो. माझ्या जिभेला काही हाड?

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी बाहेर जेवलो, सिनेमा पाहिला आणि सातच्या सुमारास घरी आलो. बायकोनं चहा टाकला. मी पेपर उघडला. चहा कपात पडल्याचा आवाज आला म्हणून सहज मान वर केली, तर कपावर हंसाची मान!

"ही कुठून आणलीस?" मी ओरडलोच.

"ओरडता काय? भालेकरवहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ही वाण म्हणून लुटली त्यांनी. काय सुरेख आहे ना? ह्यांनी केलंय, ह्यांनी केलंय, असं प्रत्येकीला सांगत होत्या. बिचारीला किती दिवसांनी एवढं खुलून बोलताना पाहिलं!"

"कितीजणींना दिली?"

"झाल्या असतील पन्नास-पंचावन्न. मागच्या इमारतीतल्यासुद्धा आल्या होत्या. आणि देशमुखांची सून तर तिच्या आईला दाखवायला घेऊन दादरला गेलीसुद्धा."

वाट लागली! चहा तसाच टाकून मी खाली धावलो. वहिनी दारात रांगोळी पुसत होत्या. अंगावर काळी चंद्रकळा, तोंडभर हसू. "भावजी, या की, तिळगूळ घ्या!" मी तिळगूळ घेतला, गोड बोलायचं कबूल केलं आणि आतल्या खोलीत घुसलो.

भालेकर रिकाम्या ट्रंकेसमोर बसले होते. ते सकाळपासून विक्रोळीला ओव्हरटाइमवर, नुकतेच आलेले. मी हात जोडले. "भालेकर, चूक माझी. कागद झाले असं मी वहिनींना बोललो. त्यांना वाटलं, रजिस्टर झालं."

त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हे बघा," मी आवाज खाली आणला, "मुलुंडचं हळदीकुंकू कलकत्त्याला कोण सांगायला जातंय? सही करा, सोमवारी टाकून देतो."

"सही कुठे करायची ते तुम्हीच टाइप केलंय ना वकील? 'यापूर्वी प्रसिद्ध झालेलं नाही.' पंचावन्न बायका! त्यापेक्षा वर्तमानपत्रात दिलं असतं तर कमी लोकांना कळलं असतं." बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. त्यांनी अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"मग वहिनींना निदान सांगा तरी. पुढच्या वेळी जपतील."

"खबरदार!" एवढ्या जोरात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मग दाराकडे पाहून हळू म्हणाले, "पंधरा वर्षांत तिच्या हळदीकुंकवाला दहाच्या वर बायका आल्या नव्हत्या हो. आज आल्या. हे कळलं तर ती जन्मात कुणाला काही देणार नाही."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "अहो, रागावला नाहीत ना? न विचारता वाटल्या. पण भावजी म्हणाले, कागद झाले..."

"झालेच आहेत," भालेकर म्हणाले. "होय ना हो वकील?"

सॉलिसिटरच्या कचेरीत इतकी वर्षं काढूनही मला सराईतपणे खोटं बोलता येत नव्हतं. मी मान हलवली आणि चहाबरोबर गिळलं.

भालेकरांनी पुढे एकही अर्ज केला नाही. मात्र दर संक्रांतीला अंधेरीहून खोकं यायचं. एका वर्षी कुंकवाचा करंडा, एका वर्षी मिठाची डबी, एकदा फणी. प्रत्येक वस्तू वर्षभर खपून काढलेली. पुढच्या हळदीकुंकवापर्यंत ती बाजारात कुणीतरी उचललेली असायची, आणि भालेकर तोवर नव्या चित्रावर वाकलेले असायचे.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. हळदीकुंकवाच्या दिवशी कसल्याशा कामानं मी खाली गेलो तर भालेकरांनी मला आतल्या खोलीत ओढलं. दार बोटभर उघडं ठेवून ते स्टुलावर बसले होते. मला गप्प बसायची खूण केली. बाहेर बायकांची ही गर्दी, बांगड्यांचा आवाज. नव्यानं राहायला आलेली कुणी मुलगी म्हणाली, "अय्या, वहिनी, कसलं झकास आहे! पण असलं काही बाजारात लगेच निघतं हं."

"निघू दे गं," वहिनी ठसक्यात म्हणाल्या. "रजिस्टर ह्यांच्या नावावर आहे. कलकत्त्याला. सरकारी कागद आहेत."

भालेकरांनी डोळे मिटून घेतले होते. वहिनी बाहेर एकेकीच्या हातात वस्तू ठेवत होत्या, आणि प्रत्येक वेळी ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. सत्तेचाळीसपर्यंत मी थांबलो, मग आवाज न करता मागच्या दारानं वर गेलो.